सिंगापूर, माय आणि चार डॉलरचं ताट

सिंगापूरचं विमान आणि हॉटेल, हे दोन्ही खर्च घरबसल्याच ठरून गेले होते. त्यांत कमी-जास्त होण्यासारखं काही उरलं नव्हतं. हातात राहिलं होतं फक्त जेवण, आणि नेमकं त्याबद्दलच जो तो भीती घालत होता. "तिथं पाण्याच्या बाटलीलासुद्धा हात लावू नका." "शाकाहारी माणसाचे हाल होतात." "टूरबरोबर जा, ते सोबत आचारी नेतात." आमच्या अमळनेरातून जे सिंगापूरला जाऊन आले, त्यांतले बहुतेक टूरच्या बसने फिरले आणि रोज संध्याकाळी त्याच एका हॉटेलात पनीर खाऊन परतले. मला तसं जायचं नव्हतं. परमुलखात जायचं आणि तिथल्या चुलीवरचं काहीच चाखायचं नाही, हे माझ्या मनाला पटत नाही.

पण अडचण खरी होती. आम्ही चौघं: हे, मी, आठवीतला मुलगा आणि माझ्या सासूबाई. त्यांना घरात सगळे माय म्हणतात, मीही. माय माळकरी. सखाराम महाराजांवर त्यांची श्रद्धा. मांस-मासे-अंडं तर नाहीच, वर चातुर्मासात कांदा, लसूण आणि वांगंही बंद. आमची सुट्टी दिवाळीची, म्हणजे भाऊबीज आटोपून निघायचं आणि कार्तिकी एकादशीच्या आत परतायचं. मायचा नेम त्या दिवसांत चालूच असणार होता. "मनी काळजी नका करू, मी दही-भात खाईन," असं त्या म्हणाल्या होत्या, पण इतक्या दूर नेऊन म्हाताऱ्या माणसाला प्रत्येक जेवणाला दही-भात खायला लावायचा, तर नेलं कशाला?

मी आधी आकडा ठरवला. एक सिंगापूर डॉलर तेव्हा आपल्या पासष्ट रुपयांच्या आसपास होता. चौघांच्या खाण्यापिण्याला दिवसाला 60 डॉलर, म्हणजे चार हजारांच्या आत. हा आकडा हवेतला नव्हता. तिथल्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एका छपराखालच्या खाण्याच्या गाळ्यांवर, साधं ताट 4 ते 6 डॉलरला मिळतं, एवढं मी विचारून ठेवलं होतं. चौघांचं दोन वेळचं जेवण 40, नाश्ता आणि चहा 15, उरलेले पाच फळं-रसाला.

सामानात पहिल्या दिवसापुरत्या दशम्या घेतल्या, दुधात भिजवलेल्या. मायसाठी लसूण न घातलेली शेंगदाण्याची चटणी, आमच्यासाठी लसणाची. दिवाळीचा फराळ होताच. एक गोष्ट मात्र जाणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते: सिंगापुरात खसखशीला बंदी आहे. अफूच्या झाडाचं बी म्हणून ती तिथल्या अंमली पदार्थांच्या कायद्यात बसते. आपल्याकडे काळ्या मसाल्यात खसखस असते, अनारशांवर असते. मी यंदा अनारशांना तीळ लावले आणि मसाल्याचा डबा घरीच ठेवला. मांसाचे पदार्थ नेण्यावरही निर्बंध आहेत, पण तो प्रश्न आमच्यापुढे नव्हता.

खान्देश एक्स्प्रेसने वांद्र्याला, तिथून विमानतळ. दशम्या संपल्या त्या मुंबईतच.

पहिल्या संध्याकाळी नदीकाठी फिरायला गेलो. पाण्याकडेला हॉटेलांची ओळ, बाहेर पोरं मेन्यूकार्ड हातात देऊन आत बोलावणारी. कार्ड मी नीट वाचलं. किमतीपुढे अधिकची दोन चिन्हं होती. ती दोन चिन्हं ज्याने ओळखली त्याचं निम्मं काम झालं. पहिलं म्हणजे दहा टक्के सेवाशुल्क, दुसरं म्हणजे जीएसटी, जो तिथं 2024 पासून नऊ टक्के आहे आणि सेवाशुल्क धरून झालेल्या रकमेवर लागतो. कार्डावरचे 100 डॉलर बिलात जवळपास 120 होतात. काही ठिकाणी टेबलावर आधीच ठेवलेले शेंगदाणे आणि ओले रुमालही बिलात येतात. नको असतील तर बसल्याबरोबर परत द्यायचे. कार्ड परत देऊन आम्ही मेट्रोत बसलो आणि लिटल इंडियाला उतरलो.

स्टेशनाला लागूनच टेक्का सेंटर आहे. एका बाजूला भाजी-मासळीचा बाजार, दुसऱ्या बाजूला खाण्याचे गाळे. दिवाळीचे दिवस, त्यामुळे बाहेर सेरंगून रोडवर कमानी आणि रोषणाई. आत पंखे गरगरत होते, एसी नाही, प्लॅस्टिकच्या बैठकी, माणसांचा कालवा. इथं किमतीच्या पाटीवर जे लिहिलं तेवढंच द्यायचं. सेवाशुल्क नाही, वरचा कर नाही, टीप नाही. मला तिथं पाय ठेवल्याबरोबर बरं वाटलं. कामावरून सुटलेला मजूर, साडीतली तमिळ आजी, टाय सैल केलेला कारकून, सगळे एका टेबलाला बसून जेवत होते.

ही हॉकर सेंटर काय आहेत, ते थोडं सांगायला हवं, कारण स्वस्ताईचं कारण त्यातच आहे. पूर्वी सिंगापुरात खाण्याच्या गाड्या रस्त्यावर लागायच्या. 1970 च्या दशकापासून सरकारने त्या गाडीवाल्यांना परवाने देऊन बांधीव जागेत आणलं, नळ दिला, गटार दिलं, छप्पर दिलं. अशी शंभराहून जास्त सेंटर शहरभर आहेत, आणि बहुतेक लोक सरकारी इमारतींतल्या फ्लॅटमध्ये राहतात, त्यांच्या वस्तीला लागूनच. जुन्या गाळेधारकांना भाडं सवलतीत आहे. एका गाळ्यात एक-दोनच पदार्थ, बनवणारं घरातलंच माणूस, आणि ताटं उचलायला नोकर नाही. गिऱ्हाईकाने आपला ट्रे स्वतः नेऊन ठेवायचा. 2021 पासून ते सक्तीचंच आहे, नाही ठेवला तर दंड. डिसेंबर 2020 मध्ये युनेस्कोने या हॉकर संस्कृतीला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. म्हणजे आपण जिथं चार डॉलरला जेवतो, ती त्या देशाने अभिमानाने जपलेली जागा आहे. गरिबांसाठी वेगळी काढलेली खानावळ ती नाही. हे मी मुलाला मुद्दाम सांगितलं.

जागा धरायची रीत आम्हाला लगेच कळली. रिकाम्या टेबलावर कागदी रुमालाचं पाकीट ठेवलेलं दिसलं की ती जागा गेली. आपण एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतो, अगदी तसंच. मायने आपली जपाची पिशवी सोडून सगळं काही टेबलावर ठेवून पाहिलं, शेवटी आम्हीही रुमालाचं पाकीट घेतलं.

तिथं यांनी आणि मुलाने बिर्याणी घेतली, मी परोटा. सिंगापुरात त्याला प्राटा म्हणतात, साधा दीड डॉलरच्या आसपास. सोबत रस्सा मिळतो, आणि इथं शाकाहाऱ्याने डोळे उघडे ठेवायचे. बहुतेक वेळा तो मटणाचा किंवा मासळीचा असतो. डाळ म्हणून वाढलेल्या रश्श्यातसुद्धा मटण शिजलेलं असू शकतं. विचारलं की लोक सरळ सांगतात, लपवत नाहीत. मायसाठी इडली शोधली, पण सांबारात कांदा, चटणीच्या फोडणीचाही भरवसा नाही. शेवटी त्यांनी कोरडी इडली, दही आणि आमची शेंगदाण्याची चटणी खाल्ली. तक्रार केली नाही, पण पोटभर जेवल्याही नाहीत. आपल्या माणसांच्या वस्तीत आलो की जेवणाचा प्रश्न सुटेल हा माझा हिशेब मायच्या बाबतीत लागू पडत नव्हता.

तो सुटला दुसऱ्या दिवशी, आणि भलत्याच ठिकाणी. वॉटरलू स्ट्रीटवर कुआन यिम देवीचं मोठं चिनी मंदिर आहे आणि त्याला लागूनच श्रीकृष्णाचं मंदिर. कृष्णाच्या दारात चिनी बायका उदबत्त्या लावत होत्या, ते पाहून माय फार हरखल्या. दर्शन घेऊन पुढे मिडल रोडला वळलो तर फॉर्च्युन सेंटर नावाची जुनी इमारत, आणि तिच्यात चिनी शाकाहारी खानावळी. बौद्ध परंपरेचे चिनी शाकाहारी लोक मांसाबरोबर कांदा, लसूणही वर्ज्य मानतात. मी गाळ्यावरच्या बाईंना इंग्रजीत विचारलं, कांदा? लसूण? अंडं? त्यांनी तिन्हीला हात हलवला आणि मायच्या गळ्यातल्या माळेकडे पाहून दोन्ही हात जोडले. अंड्याचं मात्र प्रत्येक ठिकाणी विचारावं, काही गाळ्यांवर ते चालतं.

काचेमागे पंधरा-वीस भाज्या मांडलेल्या असतात. ताटात भात, आणि बोट दाखवाल त्या दोन-तीन भाज्या. साधारण चार डॉलर. मायने कोबी, लांब चवळीच्या शेंगा आणि तळलेलं टोफू घेतलं. वांगं होतं, ते टाळलं. सोयाचे आणि गव्हाच्या सत्त्वाचे मांसासारखे दिसणारे तुकडेही असतात. पहिल्यांदा ते बघून माय दोन पावलं मागे सरकल्या. ते कशाचे असतात हे समजावल्यावरही त्यांनी खाल्ले नाहीत, आणि मी आग्रह केला नाही. एक घास खाऊन त्या म्हणाल्या, "मीठ कमी शे, पन चांगलं शे." वर आपली चटणी घेतली. ताट स्वच्छ केलं. "मनं पोट भरनं," म्हणाल्या, तेव्हा माझ्या जिवाला जो आराम पडला तो सांगता येत नाही.

त्या बाईंकडूनच कळलं की अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, म्हणजे त्यांच्या महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला, एरवी मांसाहारी असणारे कितीतरी चिनी लोक शाकाहार पाळतात आणि त्यांच्याकडे रांगा लागतात. मायना हे फार पटलं. तिथी पाळणारी माणसं म्हटल्यावर त्यांच्या मनातला परकेपणाच गेला. त्यानंतर हॉकर सेंटरमध्ये गेलो की त्याच पुढे होऊन शाकाहारी चिनी गाळा शोधू लागल्या. बहुतेक मोठ्या सेंटरमध्ये एखादा असतोच. आमच्या गावच्या शाकाहाऱ्यांना माझं सांगणं आहे की पाटीवर "व्हेजिटेरियन" असं स्पष्ट लिहिलेल्या गाळ्यावरच जा. साध्या गाळ्यावर नुसती पालेभाजी मागितली तरी तीत ऑयस्टर सॉस, म्हणजे कालवांचा सॉस, पडतो, आणि त्यांची तिखट चटणी, सांबाल, सुक्या कोळंबीच्या लगद्याशिवाय क्वचितच होते.

चायनाटाउनमध्ये बुद्धाच्या दंतधातूचं मंदिर आहे. त्याच्या तळघरातही शाकाहारी भोजनगृह आहे, तेही स्वस्त, आणि दुपारचंच. वर दर्शन, खाली जेवण; मायच्या दृष्टीने यापेक्षा चांगली दुपार असू शकत नव्हती. त्यांना तिथं बसवून आम्ही तिघं आळीपाळीने समोरच्या मॅक्सवेल फूड सेंटरला जाऊन आलो. यांनी आणि मुलाने हैनानी चिकन राइस खाल्ला. कोंबडीच्या रश्श्यात शिजवलेला भात, वर उकडलेलं चिकन, आलं आणि मिरचीची चटणी. दिसायला अगदी फिकट. मुलगा म्हणाला, "मम्मी, हे तर आजारी माणसाचं जेवण दिसतंय," आणि दुसऱ्या दिवशी तोच पुन्हा तिथं चला म्हणून मागे लागला. तिथला एक गाळा जगप्रसिद्ध आहे, त्याच्यापुढे लांबलचक रांग. आम्ही शेजारच्या गाळ्यावर घेतलं. एवढ्या स्पर्धेत टिकलेला गाळा वाईट असणार नाही, असा माझा विचार, आणि तो बरोबर निघाला.

वेळेचं एक सांगते, कारण पैशाइतकाच वेळेनेही फरक पडतो. दुपारी बारा वाजले की ऑफिसं सुटतात आणि बसायला जागा मिळत नाही. आम्ही साडेअकरालाच जेवायला बसायचो. म्हातारं माणूस सोबत असेल तर हे पाळाच. दुसरं, प्रत्येक गाळ्याचा सुट्टीचा वार वेगळा, आणि कितीतरी गाळे दुपारी दोन-तीनला माल संपला की बंद. संध्याकाळी त्याच ठिकाणी तोच पदार्थ मिळेल असं धरून चालू नये. आणि सुटे पैसे जवळ ठेवायचे. तिथले लोक मोबाइलवर पैसे देतात, पण ती सोय त्यांच्या बँकांची. आपल्या कार्डाला छोटे गाळे नाही म्हणतात. दोन आणि पाच डॉलरच्या नोटा पाकिटात असल्या की काम होतं.

चहाचा मात्र वेगळा अभ्यास करावा लागला. तिथं चहाला "ते" म्हणतात, कॉफीला "कोपी". नुसतं मागितलं की आटवलेलं गोड दूध घालून देतात, आपल्या जिभेला फार गोड. कमी गोड हवं तर "सिउ दाय", बिनसाखरेचं हवं तर "कोसोंग", काळं हवं तर "ओ". माझ्यासाठी "ते हालिया", म्हणजे आल्याचा चहा. तो दीड-दोन डॉलरला मिळतो आणि आपल्या चहाच्या सगळ्यात जवळ जातो. मॉलमधल्या कॉफीच्या दुकानात याच्या चौपट पैसे पडतात. सकाळी नाश्त्याला चिनी शाकाहारी गाळ्यांवर परतलेल्या तांदळाच्या बारीक शेवया मिळतात, तीन-चार डॉलरला भरपूर. मायचा रोजचा नाश्ता तोच झाला. उन्हात फिरून आलं की लिंबू पिळलेला उसाचा रस. दोन डॉलरचा मोठा पेला, दोघांना पुरतो.

पाण्यावर आम्ही एक पैसा खर्च केला नाही. तिथलं नळाचं पाणी सरळ प्यायचं असतं. हॉटेलच्या खोलीतून बाटल्या भरून निघायचो. फक्त मेट्रोत पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही. खाण्यापिण्याला 500 डॉलरपर्यंत दंड आहे. मायना औषधाची गोळी घ्यायची असली की आधी उतरायचो, मग घ्यायचो.

सुपरमार्केटमध्ये केळी पाहिली. फिलिपिन्सची, एकसारखी पिवळी, प्लॅस्टिकच्या पिशवीत. रावेर-यावलच्या बागा डोळ्यांपुढे आल्या. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, एवढं पीक आपल्याकडे, आणि इतक्या जवळच्या बाजारात दुसऱ्याच देशाची केळी. यांनी तिथंच उभं राहून फणीचा भाव, माल कुठल्या कंपनीचा, डाग किती, सगळं वहीत उतरवून घेतलं. ते शेतकऱ्याचं पोर आहे, त्याला राहवत नाही. केळी, दही आणि ब्रेड एवढं खोलीत ठेवलं की रात्रीची भूक भागते.

सेंटोसाच्या दिवशी मी जास्त काळजी घेतली, कारण बेटावर गेलं की खाणं महाग आणि दुसरा इलाज नसतो. हार्बरफ्रंट स्टेशनाजवळ सिआ इम नावाचं हॉकर सेंटर आहे. मॉलच्या झगमगाटात ते नजरेस पडत नाही, पण रस्ता ओलांडला की तिथंच. तिथं पोटभर जेवलो, मग चालतच पुलावरून बेटावर. बेटावर दिवसभरात फक्त एक आइस्क्रीम घेतलं, मुलाला. संध्याकाळी परतताना पुन्हा तिथंच.

मुलाला चिली क्रॅब खायचा होता. सगळ्या व्हिडिओंत तोच दाखवतात. पण खेकडा किलोवर विकतात, आणि चौघांच्या दीड दिवसाच्या जेवणाइतके पैसे त्या एका ताटात जातात. मी त्याला भाव दाखवला, दिवसाचा हिशेब दाखवला आणि म्हटलं, तू सांग. त्याने थोडा वेळ विचार करून साते, म्हणजे काडीला टोचून भाजलेलं मांस, निवडलं. लाऊ पा सात हा लोखंडी खांबांचा जुना अष्टकोनी बाजार. संध्याकाळी सात वाजता त्याच्या बाजूचा रस्ता गाड्यांना बंद होतो आणि तिथं कोळशावर सातेच्या काड्या भाजायला लागतात. काडीला डॉलरच्या आत-बाहेर, पण काही गाळे दहाच्या खाली देत नाहीत. शेंगदाण्याच्या दाट रश्श्यात बुडवून खायचं. शेंगदाण्याचा रस्सा म्हटल्यावर खान्देशी माणसाला वेगळं समजावं लागत नाही. बापलेकांनी वाटी पुसून खाल्ली. मायचं जेवण तोवर चिनी गाळ्यावर झालेलं होतं. त्या दूर वाऱ्याला बसून लोकांची ये-जा पाहत होत्या.

रोज रात्री मी हिशेब लिहायची. एका दिवसाचा इथं देते. सकाळी शेवया, प्राटा आणि चहा मिळून 14. दुपारी चायनाटाउन कॉम्प्लेक्समध्ये, जे तिथलं सगळ्यात मोठं हॉकर सेंटर, मायचं आणि माझं शाकाहारी ताट प्रत्येकी चार, दोन चिकन राइस नऊ, उसाचा रस चार, म्हणजे 21. संध्याकाळी कापलेला अननस आणि पपई 3. रात्री 19. एकूण 57 डॉलर. सेंटोसाच्या दिवशी साठाच्या थोडं वर गेलं, बाकी आतच राहिलं.

वाचलेल्या पैशांत शेवटच्या दिवशी सेरंगून रोडवरच्या कोमला विलासमध्ये जेवायचं ठरवलं. 1947 पासूनचं शाकाहारी हॉटेल, आणि बसून, वाढून घेऊन जेवणं हे मला एकदा हवंच होतं. भात, सांबार, रसम, भाज्या, पापड, हवं तेवढं. आम्ही तिघं मनसोक्त जेवलो. मायने फक्त दही-भात घेतला आणि बाहेर पडल्यावर म्हणाल्या, "चाला, आते मना चिनाना गाळावर." मग मेट्रोने पुन्हा मिडल रोड. बाईंनी ओळखलं. कोबी, शेंगा, टोफू, न सांगता वाढलं, आणि वर आणखी एक चमचा. पैसे चारच घेतले.